आत कुठून जायचं? सांचीचा स्तूप पाहताना

"पण आत कुठून जायचं?" मावशीने विचारलं.

आम्ही सांचीच्या टेकडीवर मोठ्या स्तूपासमोर उभे होतो. मावशीच्या हातात भोपाळ स्टेशनबाहेर घेतलेली झेंडूची पुडी होती. देऊळ म्हटलं की सभामंडप, मग गाभारा, गाभाऱ्यात मूर्ती आणि मूर्तीपुढे दोन सेकंदांत "चला, चला" म्हणणारा माणूस, असा तिचा साठ वर्षांचा हिशोब. समोर मात्र एक प्रचंड दगडी अर्धगोल. चारही दिशांना कोरीव तोरणं, ती बघून माणूस थक्क होतो, पण ती ओलांडून पुढे गेलं की नुसती भिंत. दार नाही, खिडकी नाही, झरोकाही नाही.

"अगं, आत जायचंच नसतं," मी म्हणालो.

"मग दर्शन?"

हा प्रश्न बावळट अजिबात नाही. सांचीला जाणारे बहुतेक जण तोरणांचे फोटो काढतात, एक फेरी मारतात आणि तासाभरात खाली येतात. मीही पहिल्या खेपेला तेच केलं होतं. स्तूप म्हणजे नेमकं काय, त्याला मान का द्यायचा आणि द्यायचा तर कसा, हे कळलं नाही तर हाती उरतो तो खिशातल्या 200 रुपयांच्या नोटेच्या मागच्या बाजूला छापलेला एक गोल आकार.

सुरुवात शब्दापासून करू. आपण सवयीने त्याला घुमट म्हणतो. पण घुमट म्हटलं की आत पोकळी आली, विजापूरच्या गोल घुमटासारखा आवाज घुमणं आलं. स्तूप भरीव असतो. पालीत त्याला 'थूप' म्हणतात आणि मूळ अर्थ अगदी साधा आहे: ढीग, रास. मेलेल्या माणसाच्या अस्थींवर मातीची रास रचायची ही चाल बुद्धाच्याही आधीची. थोर माणूस गेला की त्याच्या राखेवर उंचवटा करायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने तिथे थांबून हात जोडायचे. आपल्याकडच्या समाधीची कल्पना याहून फार लांबची नाही.

बुद्धाचं महापरिनिर्वाण जवळ आलं तेव्हा त्याचा शिष्य आनंद याने त्याला विचारलं की तथागताच्या, म्हणजे बुद्धाच्या, देहाचं पुढे काय करायचं. महापरिनिब्बान सुत्त या पाली ग्रंथात हा प्रसंग आहे. बुद्धाचं पहिलं उत्तर असं, की भिक्षूंनी त्या भानगडीत पडू नये, आपल्या साधनेकडे लक्ष द्यावं; देहाचा मान करायला श्रद्धावान गृहस्थ आहेत. मग तो सांगतो की चक्रवर्ती राजासाठी करतात तसा चार रस्ते मिळतात तिथे स्तूप करावा. तिथे जो फूल वाहील, गंध लावील, किंवा नुसतं मन प्रसन्न करून घेईल, त्याचं दीर्घकाळ भलं होईल.

यातली 'चार रस्ते' ही जागा मला फार महत्त्वाची वाटते. स्तूप रानात लपवायचा नाही, चव्हाट्यावर बांधायचा. ज्याला धर्मातलं ओ की ठो कळत नाही अशा माणसानेही जाता जाता थांबावं यासाठी.

पुढची गोष्ट मात्र चांगलीच मानवी आहे. कुशीनगरला दहन झाल्यावर अस्थींसाठी भांडण लागलं. तिथले मल्ल म्हणाले, आमच्या गावात गेले, अस्थी आमच्या. मगधाचा अजातशत्रू, वैशालीचे लिच्छवी, कपिलवस्तूचे शाक्य, सगळे हक्क सांगत आले. अहिंसा शिकवणाऱ्याच्या अस्थींसाठी लढाई जुंपायची वेळ आली. शेवटी द्रोण नावाच्या ब्राह्मणाने समजूत घातली आणि आठ सारखे वाटे केले. मापायला वापरलेलं भांडं त्याने स्वतःसाठी मागून घेतलं. पिप्फलिवनाचे मोरिय उशिरा पोचले, त्यांना चितेचे कोळसे मिळाले. आठ वाट्यांचे आठ स्तूप, भांड्याचा एक, कोळशांचा एक, असे पहिले दहा. सांचीच्या दक्षिण तोरणाच्या मागच्या अंगाला, सगळ्यांत खालच्या पट्टीवर हा सगळा गोंधळ कोरलेला आहे: हत्ती, रथ, वेढा घातलेलं नगर. आपण ती लढाईची मिरवणूक समजून पुढे जातो.

या वाटण्यांनंतर सुमारे दोन शतकांनी अशोक आला. परंपरा सांगते की त्याने आठांपैकी सात स्तूप उघडले, आतल्या अस्थी काढल्या आणि 84,000 स्तूपांत वाटल्या. आठवा, रामग्रामचा, त्याला उघडता आला नाही, कारण नाग त्याची राखण करत होते. तोही प्रसंग दक्षिण तोरणावर आहे. एकीकडून राजाचा लवाजमा येतो आहे, दुसरीकडे फण्यांचे नागराज आधीच पूजेला उभे. 84,000 हा आकडा मोजदादीचा नाही, 'असंख्य' म्हणायची ती रीत. पण गाभा खरा आहे. अशोकाने बुद्धाच्या आठवणीची ठिकाणं गंगेच्या खोऱ्यातून काढून देशभर नेली. आता बुद्धाकडे जायला कुशीनगरपर्यंत चालायची गरज उरली नाही.

सांचीत तर बुद्ध कधी आलाच नव्हता. त्याच्या आयुष्यातला एकही प्रसंग या टेकडीशी जोडलेला नाही. मग एवढा मोठा स्तूप इथे का? टेकडीवरून पाहिलं तर उत्तर समोर दिसतं. दहाएक किलोमीटरवर विदिशा, त्या काळची भरभराटीची व्यापारी पेठ. सिंहली इतिहासग्रंथांत अशोकाची पत्नी देवी ही विदिशेच्या व्यापाऱ्याची मुलगी असल्याचं आणि तिचा मुलगा महिंद श्रीलंकेला धर्म घेऊन जाण्याआधी आईला भेटायला इथे आल्याचं सांगितलं आहे. पेठ हाकेच्या अंतरावर, पण टेकडीवर शांतता. भिक्षूंना भिक्षा मिळेल इतकं गाव जवळ हवं आणि ध्यान लागेल इतकं लांब. आपल्या सह्याद्रीतली लेणी घाटवाटांच्या कडेला का सापडतात त्याचंही कारण हेच.

स्तूपाच्या दक्षिणेला अशोकस्तंभाचा बुंधा उभा आहे. उरलेले तुकडे शेजारी एका शेडखाली आडवे पडले आहेत. कुण्या जमीनदाराने उसाच्या चरकासाठी खांब फोडला म्हणतात. बुंध्यावर अशोकाचा हुकूम आहे: संघात फूट पाडणाऱ्या भिक्षूला किंवा भिक्षुणीला पांढरी वस्त्रं घालून विहाराबाहेर काढावं. पांढरा म्हणजे गृहस्थाचा रंग. चीवर, म्हणजे भिक्षूचं वस्त्र, काढून घ्यायचं आणि परत संसारी माणसांत पाठवायचं, ही शिक्षा. मी हे मावशीला सांगत होतो तेव्हा समोरच्या हिरवळीवर श्रीलंकेहून आलेले पन्नासेक यात्रेकरू बसले होते, सगळे पांढऱ्या कपड्यांत. आपल्याकडेही 14 ऑक्टोबर, धम्मचक्र प्रवर्तन दिन, म्हटलं की पांढरा शर्ट आणि पांढरी साडीच डोळ्यांपुढे येते. त्यांच्यासाठी तो शिक्षेचा रंग नाही, अर्थातच. उपासकाचा आहे.

आता पुन्हा त्या गोलाकडे. आज दिसतो तो अशोकाचा स्तूप नव्हे. अशोकाचा होता विटांचा, आजच्या जवळपास निम्म्या व्यासाचा. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात, शुंगांच्या काळात, त्याला बाहेरून दगडांचं कवच घालण्यात आलं. आताचा व्यास सुमारे 120 फूट, उंची 54 फूट. जुना स्तूप पाडला नाही, हलवला नाही, तो आत तसाच आहे. मावशीला हे लगेच पटलं. "मारुतीवर शेंदराची खोळ चढते तसं," ती म्हणाली. अगदी तसंच. वर्षानुवर्षं लेप चढत जातात, मूळ मूर्ती आत बारीकशी असते आणि तिला उघडी करावी असं कुणाच्या मनातही येत नाही. स्तूपावर नवा थर चढवणं ही डागडुजी असतेच, शिवाय तेही पुण्यकर्मच.

भाग फार नाहीत. खाली जोत्यासारखा गोल ओटा, तो मेधी. त्यावर मुख्य अर्धगोल, त्याला अंड म्हणतात. अंडं, ज्यातून काही उगवायचं आहे. अंडाचा माथा सपाट, त्यावर चौकोनी कठडा, ती हर्मिका. तिच्या मधोमध दांडा, यष्टी, आणि दांड्यावर एकावर एक तीन छत्र्या. छत्र राजाच्या डोक्यावर धरतात. म्हणजे राज्य सोडून गेलेल्या माणसाला मेल्यावर चक्रवर्तीचं छत्र मिळालं. खाली जमिनीवर सगळ्याला वेढणारा दगडी कठडा, वेदिका.

या कठड्यापाशी दोन मिनिटं थांबाच. दहा फुटांहून उंच दगडी खांब, त्यांत खाचा पाडून बसवलेल्या आडव्या पट्ट्या, वर गोलसर माथ्याचा दगड. कोरीवकाम जवळजवळ नाही. पण जोडकाम बघा: हे दगडाचं बांधकामच नव्हे, हे सुतारकाम आहे. लाकडी कुंपण करणाऱ्या माणसाला कुणीतरी दगड दिला आणि म्हटलं, आता यात कर. पट्ट्यांना तर 'सूची' म्हणतात, सुई, कारण त्या खांबांतून ओवलेल्या आहेत. बोट फिरवलं की खाचेची कड हाताला लागते.

कठड्याच्या आत फरसबंदी वाट आहे, आणि मावशीच्या 'मग दर्शन?' या प्रश्नाचं उत्तर तीच. स्तूपाचं दर्शन पायांनी घ्यायचं असतं. तोरणातून सरळ आत घुसता येत नाही. कठड्याचा एक भाग मुद्दाम आडवा येतो, वळावं लागतं, आणि वळलं की माणूस आपोआप प्रदक्षिणेच्या वाटेला लागतो. स्तूप उजव्या हाताला ठेवायचा, म्हणजे सूर्य जातो त्या दिशेने: पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर. खाली एक फेरी, आणि मेधीवरही एक वाट आहे, दक्षिणेकडच्या दोन जिन्यांनी वर जाणारी. बाहेरचा कठडा उंच असल्यामुळे आत चालताना जग दिसेनासं होतं. एका बाजूला दगड, दुसऱ्या बाजूला दगड, वर आभाळ. आतल्या भिंतीवर कुठेही चित्र नाही, लक्ष वेधणारं काही नाही. मला वाटतं हेही ठरवून केलेलं असावं. सगळी नक्षी बाहेर तोरणांवर ओतली आणि चालण्याची वाट कोरी ठेवली.

तोरणं इसवी सनपूर्व पहिल्या शतकातली, सातवाहनांच्या काळातली. चारही तोरणांवर बुद्धाच्या आयुष्यातले प्रसंग आहेत, जातककथा, म्हणजे त्याच्या आधीच्या जन्मांच्या गोष्टी, आहेत, आणि बुद्ध मात्र माणसाच्या रूपात एकदाही नाही.

हे उमगायला पूर्वेच्या तोरणापाशी जा आणि मधल्या आडव्या पट्टीकडे पाहा. सिद्धार्थ घर सोडून निघाल्याची ती रात्र. डावीकडे कपिलवस्तू नगर. तिथून कंथक घोडा निघतो, त्याच्या पाठीवर कुणीच नाही, पण वर छत्र धरलेलं. तोच घोडा जरा पुढे पुन्हा, मग आणखी पुढे, जणू एकाच पट्टीवर चित्रपटाची रिळं. दर वेळी पाठ रिकामी, वर छत्र. उजव्या टोकाला पोचल्यावर छत्र घोड्यावर नाही. जमिनीवर दोन मोठी पावलं उमटली आहेत, छत्र त्यांच्यावर आहे आणि सारथी छन्न त्यांच्यापुढे वाकला आहे. सिद्धार्थ उतरला. खाली तोच घोडा मागे फिरला आहे, आता छत्राशिवाय. इतकंच. घोड्यावरचा माणूस एकदाही न दाखवता तो केव्हा होता आणि केव्हा नाही हे कळतं. त्या कारागिराने छत्र नुसतं इकडून तिकडे हलवलं आहे.

बाकीच्या ठिकाणीही असंच. झाडाखाली रिकामं आसन म्हणजे ज्ञानप्राप्ती. चक्र म्हणजे सारनाथचं पहिलं प्रवचन. स्तूप म्हणजे परिनिर्वाण. असं का केलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. जो निर्वाणाला गेला त्याला पुन्हा देहात का कोंडायचं, असं एक उत्तर. दुसरं असं, की यातली बरीच दृश्यं बुद्धाच्या काळातली नाहीतच, नंतर त्या-त्या तीर्थावर जाऊन झाडाला आणि आसनाला वंदन करणाऱ्या लोकांची ती चित्रं आहेत. मला दोन्ही अर्धी-अर्धी खरी वाटतात. स्तूपाशी मात्र ही रीत नेमकी जुळते. बाहेर माणूस न दाखवता त्याची गोष्ट सांगायची, आत देह असून तो दिसू द्यायचा नाही.

पुढे मूर्ती आल्याच. चारही प्रवेशांसमोर, स्तूपाच्या भिंतीला टेकून बसलेले चार बुद्ध आहेत, ते पाचव्या शतकातले, गुप्तकाळातले. म्हणजे तोरणं घडवली गेली आणि या मूर्ती बसल्या यांत पाचशे वर्षांचं अंतर. मावशीला तिथे जरा हायसं वाटलं. चेहरा सापडला.

आता या सगळ्याचा खर्च कुणी केला? आपण 'अशोकाने बांधला, शुंगांनी वाढवला' असं म्हणतो तेव्हा राजांच्या नावावर बरंच काही खपतं. कठड्याच्या दगडांवर शेकडो छोटे लेख आहेत, ब्राह्मी लिपीत, एक-एक ओळीचे. अमक्या गावच्या अमक्या भिक्षुणीचं दान. उज्जैनच्या अमक्या गृहस्थाच्या सुनेचं दान. विणकर, व्यापारी, लेखनिक. कुणी एक खांब दिला, कुणी एक आडवी पट्टी, कुणी फरशी. बायकांची नावं इतकी आहेत की तेवढ्याचाच वेगळा अभ्यास होतो. देवळातल्या पंख्याच्या तीन पात्यांवर देणगीदाराचं नाव, गाव आणि 'कै. वडिलांच्या स्मरणार्थ' बघून आपण हसतो. दोन हजार वर्षांपूर्वी पंखे नव्हते, एवढाच फरक.

आणि याच लहान लेखांनी एक मोठं कुलूप उघडलं. ब्राह्मी वाचता येणारं कुणी उरलं नव्हतं. 1837 मध्ये जेम्स प्रिन्सेप हा इंग्रज अभ्यासक या लेखांच्या नकला बघत होता. त्याच्या लक्षात आलं की एवढे सगळे वेगवेगळे लेख एकाच दोन अक्षरांनी संपतात. देवस्थानातल्या दगडांवर सुटा-सुटा मजकूर, आणि शेवट सगळ्यांचा सारखा: देणगीच असणार. ते शब्द म्हणजे 'दानं'. 'द' आणि 'न' हाती लागले, मग बाकीची अक्षरं आणि थोड्याच काळात अशोकाचे शिलालेख बोलू लागले. कुण्या सुनेने दिलेल्या दगडाच्या जोरावर आपण सम्राटाला ओळखलं, असं म्हटलं तरी चालेल.

दक्षिण तोरणावर दोन लेख मुद्दाम शोधावेत. एक विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांचा, त्यांनी सांगितलं आहे की हे रूपकाम आम्ही केलं. म्हणजे दागिन्यांच्या डब्या, कंगवे कोरणाऱ्या हातांना अचानक एवढा मोठा दगड मिळाला. नक्षी इतकी दाटीवाटीची का, याचा उलगडा तिथे होतो. दुसरा आपल्या जिव्हाळ्याचा: राजा सिरी सातकणीच्या कारागिरांचा मुख्य, वासिठीपुत आनंद, याचं दान. सातकर्णी म्हणजे सातवाहन, पैठणचं घराणं. हा नेमका कितवा सातकर्णी यावर वाद आहे. पण आईच्या गोत्रावरून 'वासिठीचा पुत्र' असं नाव लावायची रीत नाशिक आणि कार्ल्याच्या लेखांतही दिसते, त्यामुळे तो दगड वाचताना घरचं कुणी भेटल्यासारखं होतं.

तोरणांवर शापही आहे. जो कुणी काकणावातून, म्हणजे सांचीतून, हे तोरण किंवा कठडा काढील किंवा काढवील, त्याला मातृहत्या, पितृहत्या, अर्हताची, म्हणजे निर्वाणाला पोचलेल्या भिक्षूची, हत्या अशी पातकं लागतील. आपल्या कोकणातल्या गधेगाळीची, म्हणजे दान मोडणाऱ्याला शिवी कोरलेल्या दगडाची, भाषा यापुढे फारच रांगडी आहे, पण हेतू तोच. शाप थोडासा लागूही पडला म्हणायचा. भोपाळच्या बेगमांच्या काळात फ्रेंचांनी आणि इंग्रजांनी पूर्वेचं तोरण युरोपात न्यायची इच्छा दाखवली होती. शेवटी प्लास्टरच्या प्रतिकृतींवर भागलं आणि तोरण जागेवर राहिलं.

नासधूस झाली ती वेगळ्या कारणाने. मधली काही शतकं सांची विसरली गेली होती. 1818 मध्ये जनरल टेलर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने तिची नोंद केली आणि संकट सुरू झालं, कारण सगळ्यांना मावशीचाच प्रश्न पडला: आत काय आहे? फक्त मावशीकडे कुदळ नव्हती. 1822 मध्ये कॅप्टन जॉन्सनने मोठ्या स्तूपाला वरपासून खालपर्यंत भगदाड पाडलं. खजिना सापडला नाही, पश्चिमेचं तोरण मात्र ढासळलं. 1851 मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम आणि मेसी या इंग्रज अधिकाऱ्यांनी पुन्हा खणलं. मोठ्या स्तूपात त्यांनाही अस्थी मिळाल्या नाहीत. 1880च्या दशकात भगदाड बुजवून पडलेली तोरणं उभी केली गेली आणि 1912 ते 1919 या काळात पुरातत्त्वज्ञ जॉन मार्शलने सगळी टेकडीच सावरली. भोपाळच्या बेगमांनी या कामाला पैसा पुरवला. मुसलमान राजघराण्याच्या पैशातून बौद्ध स्तूप सावरला गेला, हे हल्ली मुद्दाम सांगावं लागतं.

कनिंगहॅमला सापडलं ते शेजारच्या तिसऱ्या स्तूपात. तो लहान आहे, तोरण एकच, लोक फोटोही काढत नाहीत. आत दगडी पाटाखाली दोन पेट्या होत्या. एकीच्या झाकणावर 'सारिपुतस', दुसरीच्या 'महामोगलानस'. सारिपुत्त आणि महामोग्गल्लान, बुद्धाचे दोन अग्रशिष्य, लहानपणापासूनचे मित्र, दोघेही बुद्धाच्या आधी गेले. सारिपुत्ताच्या पेटीत मऊ दगडाची लहान डबी, तिच्याजवळ चंदनाचे दोन तुकडे, बहुधा चितेतले. डबीत इंचभराहून लहान हाड आणि मोती, स्फटिक, निळा लाजवर्द असे काही मणी. आणि डबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला शाईने लिहिलेलं एक अक्षर: 'सा'. दुसऱ्या डबीत 'म'. दगडावर कोरलेलं नाव जगासाठी असतं. हे अक्षर बहुधा घाईत, अदलाबदल होऊ नये म्हणून कुणीतरी लिहिलं असणार, आपण मसाल्याच्या बरण्यांवर लिहितो तसं. ते झाकण बंद झालं की पुन्हा कुणी बघणार नव्हतं.

टेकडीच्या उतारावर दुसरा स्तूप आहे, त्यात बुद्धानंतरच्या दहा आचार्यांच्या अस्थी निघाल्या. म्हणजे गुरूचा स्तूप मध्यभागी, पट्टशिष्यांचा शेजारी, नंतरच्या आचार्यांचा खाली उतारावर. मांडणीतच मानाची पायरी सांभाळली आहे.

मग मोठ्या स्तूपात काहीच नसेल तर तो कमी प्रतीचा? बौद्ध परंपरा असं मानत नाही. चैत्य, म्हणजे वंदनाचं ठिकाण किंवा वस्तू, तीन प्रकारचं सांगतात. देहाचा अंश असेल ते शारीरिक. त्या व्यक्तीने वापरलेली वस्तू असेल ते पारिभोगिक. यात भिक्षापात्र आलं, बोधिवृक्षही आला. आणि आठवण म्हणून उभारलेलं ते उद्देशिक. यात मूर्तीही धरतात. पारिभोगिकाचं उदाहरण मुंबईच्या अगदी कडेला आहे. नालासोपाऱ्याच्या 'बुरूड राजाच्या कोटा'त 1882 मध्ये पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी स्तूप खणला, तेव्हा दगडी करंड निघाला आणि त्यात डब्यात डबी अशी एकात एक भांडी: तांबं, चांदी, दगड, स्फटिक आणि सगळ्यांत आत सोनं. सोन्याच्या डबीत मातीच्या भिक्षापात्राचे काही तुकडे. बाहेरून आत जाताना भांडं मौल्यवान होत जातं आणि शेवटी हाती येते खापरी.

महाराष्ट्रात आपण स्तूप सहसा लेण्यात पाहतो, आणि चुकतो. कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाला जाणारी निम्मी माणसं चैत्यगृहात डोकावून "मोठी पिंड आहे आत" म्हणतात. तो स्तूप आहे, आणि त्याच्यावरचं लाकडी छत्र दोन हजार वर्षं टिकून आहे. सांचीला जे उघड्यावर आहे तेच इथे डोंगराच्या पोटात नेलं: खांबांच्या रांगेमागून प्रदक्षिणेची वाट, टोकाला स्तूप. पावसाळ्याच्या मुलखातला तोडगा. पुढे अजिंठ्याच्या 19 आणि 26 क्रमांकांच्या लेण्यांत स्तूपाच्या दर्शनी भागावर बुद्धमूर्तीच कोरली गेली.

आणि नागपूरची दीक्षाभूमी. आकार सांचीवरून घेतलेला, उंची 120 फूट, पण वास्तुशिल्पकार शिव दान मल यांनी तिला पोकळ ठेवलं. तिथे आत जाता येतं आणि आत बाबासाहेबांच्या अस्थी आहेत. दादरच्या चैत्यभूमीच्या दारातही सांचीच्याच तोरणाची प्रतिकृती आहे. दीक्षाभूमीच्या पोकळीबद्दल माझं स्वतःचं मत असं, की जुन्या स्तूपाला गर्दी बाहेरून वळसा घालणार होती, या स्तूपाला ती पोटात घ्यायची होती. ज्यांना पिढ्यान् पिढ्या आत येऊ दिलं गेलं नाही त्यांच्यासाठी बांधलेला स्तूप भरीव कसा चालला असता?

मावशीने शेवटी तीन फेऱ्या मारल्या. पहिलीत तिने मला दोनदा "अजून किती?" विचारलं, दुसरीत कुणाशी तरी बोलली, तिसरीत काहीच बोलली नाही. झेंडूची पुडी अजून हातातच होती. हिरवळीवरच्या यात्रेकरूंचं पठण संपत आलं होतं, "साधु, साधु, साधु" असा आवाज आला. ते उठून जवळच्या चेतियगिरी विहाराकडे निघाले तशी मावशीही त्यांच्या मागोमाग निघाली.

हा विहार नवा आहे. सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांच्या अस्थी विलायतेला गेल्या होत्या, लंडनच्या संग्रहालयात राहिल्या आणि स्वातंत्र्याच्या सुमारास परत आल्या. त्यांच्यासाठी हा विहार बांधून 1952च्या नोव्हेंबरअखेरीला त्या इथे ठेवण्यात आल्या, नेहरूंच्या उपस्थितीत. एरवी त्या कुलपात असतात. वर्षातून एकदा, नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी, बाहेर काढतात आणि श्रीलंकेपासून जपानपर्यंतचे लोक रांगा लावतात. आम्ही गेलो तो फेब्रुवारी होता. विहारात बुद्धमूर्तीपुढे मावशीने झेंडू वाहिला आणि तिथल्या भिक्षूंना मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, अस्थी कुठे आहेत. त्यांनी खाली बोट दाखवलं.

परतीच्या गाडीत तिने डबा उघडला, दशमी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "या वर्षी नोव्हेंबरचा शेवटचा रविवार कितीला येतो ते तुझ्या फोनात बघ. आणि बर्थ खालचा हवा मला."